विजेच्या मोटारीचा पल्ला आणि बॅटरीची निगा : एक ऐतिहासिक विचार

विजेवर चालणाऱ्या मोटारीचा पहिला कालखंड स्थूलमानाने 1895 ते 1920 असा धरण्यात येतो. हा कालखंड का संपला, या प्रश्नाला मोटारीच्या इतिहासात बहुधा एकच ठरीव उत्तर मिळते : एका भरणात ती फार दूर जाऊ शकत नसे. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. पल्ला हा मोटारीचा उपजत व स्थिर गुण आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. वस्तुतः तो बॅटरीच्या निगेवर अवलंबून असतो. ही निगा कोणी राखावयाची आणि तिचा भार कोणी सोसावयाचा, या प्रश्नाच्या अनुरोधाने प्रस्तुत विषयाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम त्या काळची परिस्थिती पाहू. 1900 सालच्या अमेरिकन गणनेत त्या देशात तयार झालेल्या 4,192 मोटारींपैकी 1,681 वाफेवर, 1,575 विजेवर व केवळ 936 पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या. विजेची मोटार निःशब्द होती. तिला धूर नव्हता, हॅंडल फिरवून ती सुरू करण्याचा खटाटोपही नव्हता. डेट्रॉइट येथील अँडरसन कंपनीने 1907 पासून ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ ही मोटार तयार करण्यास आरंभ केला. ताशी सुमारे 20 मैल वेगाने चालणारी ही मोटार एका भरणात सुमारे 80 मैल जाते, अशी तिची जाहिरात असे. शहरातील डॉक्टर आणि सुखवस्तू घरांतील स्त्रिया हा तिचा विशेष ग्राहकवर्ग होता. पेट्रोलच्या मोटारींचे सम्राट हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा फोर्ड स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवीत असत. शहरातील रोजच्या जाण्यायेण्याला 80 मैल काही थोडे नव्हेत. मग हा पल्ला अपुरा ठरला तो कोणत्या अर्थाने?

याचे उत्तर शोधण्यासाठी शिशाच्या बॅटरीचे कार्य ध्यानी घेतले पाहिजे. तिच्यात शिशाच्या पट्ट्या विरल गंधकाम्लात बुडविलेल्या असतात. वीज खर्च होत असता दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते व भरताना ते पुन्हा विरघळते. बॅटरी रिकाम्या अवस्थेत पडून राहिली, तर हे सल्फेट कठीण होऊन बसते आणि पट्टीचा तेवढा भाग निरुपयोगी होतो. भरणाच्या अखेरीस पाण्याचे विघटन होऊन वायू बाहेर पडतात. म्हणून प्रत्येक पेशीत वरचेवर ऊर्ध्वपातित पाणी घालावे लागते. पाणी घालण्यास विलंब झाला की पट्ट्या उघड्या पडतात. पट्ट्यांवरील द्रव्य हळूहळू झडून तळाशी गाळ साचतो. तो पट्ट्यांना टेकला की पेशी आतल्या आत रिकामी होऊ लागते. त्यामुळे त्या काळी पेशी ठराविक मुदतीने उघडून धुवाव्या लागत. पेशी भरली आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नसे. त्यासाठी आम्लाचे विशिष्ट गुरुत्व मोजावे लागे; ते भरलेल्या पेशीत सुमारे 1.28, तर रिकाम्या पेशीत 1.15 च्या आसपास भरे.

येथे पेट्रोलच्या मोटारीशी असलेला महत्त्वाचा भेद स्पष्ट होतो. तीही काही कमी त्रासदायक नव्हती. परंतु तिचे दोष अकस्मात व उघडपणे प्रकट होत, आणि गावचा लोहारदेखील त्यांतील काही दुरुस्त करू शके. मुख्य म्हणजे, हयगय झालेल्या पेट्रोल-मोटारीची टाकी लहान होत नाही. हयगय झालेली बॅटरी मात्र दर महिन्यास जणू लहान होत जाते. जाहिरातीतील 80 मैल हे नव्या, उत्तम राखलेल्या बॅटरीचे मैल होते. थंडीत ते घटत, आणि वर्षागणिक आणखी घटत.

ही निगा राखणार कोण? प्रारंभी बहुतेक मालकांनी ती विजेच्या मोटारींसाठी असलेल्या खास गॅरेजकडे सोपविली. दरमहा ठराविक रक्कम घेऊन गॅरेज मोटार ठेवून घेई, धूई, भरी आणि सकाळी दारात आणून उभी करी. घरीच मोटार भरावयाची, तर दुसरीच अडचण उभी राही : बॅटरीस एकाच दिशेने वाहणारा प्रवाह लागतो, तर घरोघरी पोहोचणारा प्रवाह अधिकाधिक प्रमाणात दिशा बदलणारा होत चालला होता. त्याचे रूपांतर करणारे पाऱ्याच्या चापाचे यंत्र बाजारात मिळे. परंतु तो वेगळा खर्च होता. एडिसनने लोखंड व निकेल यांची बॅटरी काढून निगेचा भार हलका करण्याचा प्रयत्न केला. तिचा पहिला अवतार 1904 मध्ये मागे घ्यावा लागला आणि सुधारलेली बॅटरी 1910 च्या सुमारास बाजारात आली. ती टिकाऊ होती, पण महागही होती.

या प्रश्नाचे सर्वांत विचारप्रवर्तक उत्तर कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड शहराने दिले. तेथील वीज कंपनीने मालवाहू गाड्यांसाठी एक योजना सुरू केली. गिऱ्हाइकाने गाडी बॅटरीवाचून विकत घ्यावी. बॅटरी कंपनीच्या मालकीची राहील आणि गिऱ्हाइकाने दरमहा ठराविक आकार व मैलांप्रमाणे वेगळा आकार द्यावा. रिकामी बॅटरी काढून भरलेली बसविली जाई. म्हणजे विक्री झाली ती पल्ल्याची, बॅटरीची नव्हे. आणि निगेचा भार ज्यांना ती विद्या अवगत होती त्यांच्याकडे गेला. ही व्यवस्था 1924 पर्यंत चालली. खाजगी मोटारीच्या मालकाला असा आश्रय मात्र क्वचितच लाभला.

निगेचा प्रश्न हे विजेच्या मोटारीच्या पीछेहाटीचे एकमेव कारण होते, असे मात्र येथे सुचवावयाचे नाही. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ची किंमत 1908 मधील 850 डॉलरवरून पुढे 300 डॉलरच्याही खाली आली. 1912 मध्ये कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर बसला व हॅंडलचा जाच संपला. खेड्यांत रस्ते पोहोचले, पण वीज पोहोचली नाही. परंतु ही सारी कारणे विचारात घेऊनही एक गोष्ट उरते : डेट्रॉइट इलेक्ट्रिकचे उत्पादन तुरळक प्रमाणात का होईना, 1939 पर्यंत चालू राहिले. थोड्या अंतराची मोटार उपयोगाची नव्हती असे म्हणणे, या वस्तुस्थितीशी जुळत नाही.

याच प्रश्नाचा पुढला अध्याय आपल्या देशात लिहिला गेला. 2001 मध्ये बंगळूर येथे ‘रेवा’ ही चिमुकली मोटार विक्रीस आली. 6 व्होल्टच्या 8 शिशाच्या बॅटऱ्या, सुमारे 80 किलोमीटरचा पल्ला आणि पेशींत शुद्ध पाणी घालण्याचे तेच जुने कर्तव्य तिच्यात होते. लंडनमध्ये ती ‘जी-विझ’ या नावाने विकली गेली. तेथे 2003 पासून लागू झालेल्या गर्दी-करातून तिला सूट असल्याने रोज कामावर जाणाऱ्यांस ती किफायतशीर वाटली. मात्र काही वर्षांनी संपूर्ण बॅटरी-संच बदलण्याचा खर्च मालकाच्याच माथी येई.

लिथियमच्या बॅटरीने पाणी घालण्याचे काम संपविले आणि पेशींवरील देखरेख इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाकडे सोपविली. तथापि उष्णता व वय यांनी बॅटरी अद्यापही क्षीण होते. म्हणूनच 2024 मध्ये एम.जी. कंपनीने भारतात ‘विंडसर’ ही मोटार बॅटरीच्या किमतीवाचून विकण्याचा व बॅटरीचे भाडे किलोमीटरप्रमाणे घेण्याचा पर्याय पुढे केला, तेव्हा इतिहासाच्या अभ्यासकास हार्टफर्डचे स्मरण होणे स्वाभाविक होते.

तात्पर्य, यंत्राचा इतिहास त्याच्या शोधापाशी आणि विक्रीच्या आकड्यांपाशी थांबविल्यास त्याच्या आयुष्याचा मोठा भाग अंधारात राहतो. मालकांसाठी छापलेल्या सूचना-पुस्तिका, गॅरेजची बिले, वीज कंपन्यांचे दरपत्रक ही साधने आजवर दुय्यम मानली गेली. यंत्र विकत घेतल्यानंतर ते कोणाच्या श्रमाने चालत राहिले, हे मात्र त्यांतूनच कळते. आपल्याकडील शेतीच्या पंपाचा किंवा पिठाच्या गिरणीचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यानेही हाच प्रश्न प्रथम विचारावयास हवा.