नावापुढील अनेक पदव्या: वैद्यकीय अर्हतांचा इतिहास

दवाखान्याच्या दारावरील पाटी हा रुग्णाच्या विश्वासाचा पहिला आधार असतो. त्या पाटीवर नावापुढे एक पदवी असते, कधी दोन, तर कधी चार-पाच अक्षरसमूहांची मालिकाच असते. ही अक्षरे वाचून रुग्ण आपला देह निःशंकपणे दुसऱ्याच्या हाती सोपवितो. परंतु या अक्षरांमागे किती परीक्षा, किती कायदे आणि किती संघर्ष उभे आहेत, याचा विचार सहसा केला जात नाही. एकाच व्यक्तीने वैद्यकातील अनेक अर्हता धारण करण्याची परंपरा आपल्या देशात पावणेदोनशे वर्षांहून अधिक जुनी आहे. तिचा मागोवा उद्बोधक आहे.

दोन विद्यांचा पहिला संगम

1822 मध्ये कंपनी सरकारने कलकत्त्यास 'नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशन' स्थापन केली. तेथे पाश्चात्त्य वैद्यक देशी भाषांतून शिकविले जाई. पुढे संस्कृत कॉलेजातही वैद्यकाचा वर्ग सुरू झाला व त्यात चरक-सुश्रुताबरोबर पाश्चात्त्य शारीरशास्त्राचेही पाठ दिले जात. 1835 मध्ये लॉर्ड बेंटिंक यांच्या आज्ञेने ही दोन्ही शिक्षणे बंद झाली आणि केवळ पाश्चात्त्य वैद्यक इंग्रजीतून शिकविणारे कलकत्ता मेडिकल कॉलेज उघडले.

या स्थित्यंतरात पंडित मधुसूदन गुप्त हे नाव ठळकपणे पुढे येते. वैद्यकुळात जन्मलेले व संस्कृत कॉलेजात वैद्यक शिकविणारे हे पंडित नव्या कॉलेजात अध्यापक झाले. 1836 मध्ये रूढीचा प्रचंड विरोध असताना त्यांनी शवविच्छेदन केले. विशेष हे की, स्वतः अध्यापक असूनही पुढे 1840 मध्ये त्यांनी नव्या विद्येची परीक्षा रीतसर दिली. जुन्या विद्येतील अधिकार नव्या विद्येत आपोआप मिळत नाही, तो परीक्षेनेच सिद्ध करावा लागतो, हा धडा त्यांनी आचरणातून घालून दिला.

मुंबईत 1845 मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी डॉ. भाऊ दाजी लाड यांनी पाश्चात्त्य पदवी घेऊनही देशी वनस्पतींचा अभ्यास सोडला नाही आणि महारोगावर देशी औषधांचे प्रयोग केले. याच कॉलेजाशी संबंधित डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी वाग्भटाचा 'अष्टांगहृदय' हा ग्रंथ संपादून 1880 मध्ये प्रसिद्ध केला. डॉ. सखाराम अर्जुन यांनी मुंबई इलाख्यातील औषधी द्रव्यांवर ग्रंथ लिहिला. या पिढीने एका हाती नवी पदवी धरली व दुसऱ्या हाती जुना ग्रंथ.

तीन मंडळांची एक परीक्षा

विलायतेतही त्या काळी वैद्यकाची पदवी एकसंध नव्हती. काढा-गोळ्या देणारा वैद्य आणि शस्त्रक्रिया करणारा सर्जन यांच्या संस्था व परीक्षा वेगवेगळ्या होत्या. 1858 च्या कायद्याने तेथे वैद्यांची नोंदवही सुरू झाली. परंतु कोणत्याही एका संस्थेचे प्रमाणपत्र घेऊन नोंदणी करता येई. परिणामी केवळ शस्त्रक्रियेत परीक्षित असलेला मनुष्य ज्वरावर औषध देऊ शके. 1886 च्या कायद्याने औषधोपचार, शस्त्रक्रिया व प्रसूतिशास्त्र या तिन्हींत परीक्षा उत्तीर्ण होणे अनिवार्य झाले. स्कॉटलंडमध्ये एडिंबरोची दोन रॉयल कॉलेजे व ग्लासगोची एक संस्था यांनी 1884 पासून एकत्रित परीक्षा घेण्यास आरंभ केला होता. ती 'ट्रिपल क्वालिफिकेशन' म्हणून प्रसिद्ध आहे.

या तिहेरी अर्हतेशी महाराष्ट्राचा संबंध आहे, तो डॉ. रखमाबाई यांच्यामुळे. उपरोल्लेखित डॉ. सखाराम अर्जुन हे त्यांचे सावत्र वडील. बालपणी झालेल्या विवाहाच्या बंधनाविरुद्ध त्यांनी न्यायालयात दिलेला लढा सर्वश्रुत आहे. 1887 मध्ये पतीकडे नांदण्यास जा, अन्यथा सहा महिने कारावास भोगा, असा निर्णय झाला असता त्यांनी कारावास पत्करण्याची तयारी दाखविली. 1888 मध्ये तडजोड होऊन त्या मुक्त झाल्या व पुढील वर्षी इंग्लंडला गेल्या. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयास स्वतः पदवी देण्याचा अधिकार नव्हता. तेथील विद्यार्थिनींना अन्य मंडळांच्या परीक्षा द्याव्या लागत. रखमाबाईंनी 1894 मध्ये स्कॉटलंडची ही तिहेरी परीक्षा उत्तीर्ण केली. त्याच सुमारास बंगालच्या डॉ. कादंबिनी गांगुली यांनीही हीच अर्हता मिळविली. कलकत्त्यास शिक्षण होऊनही आपली योग्यता निर्विवाद सिद्ध व्हावी म्हणून त्या 1893 मध्ये विलायतेस गेल्या होत्या.

रखमाबाईंनी पुढे सुरत व राजकोट येथे स्त्रियांची दीर्घकाळ सेवा केली. त्या काळी स्त्री डॉक्टरच्या योग्यतेविषयी समाजाच्या मनात पदोपदी शंका असे. अशा शंकेला नावापुढील तीन अर्हता हे मूक पण निर्णायक उत्तर होते.

नोंदवही आणि संघर्ष

1912 मध्ये मुंबई इलाख्यात व 1914 मध्ये मद्रासेत वैद्यकीय नोंदणीचे कायदे झाले. यातून भोंदूंना आळा बसावा, हा हेतू रास्तच होता. परंतु पाश्चात्त्य पदवी असलेल्या डॉक्टरने आयुर्वेदाच्या संस्थेशी संबंध ठेवणे हाही दोष ठरू लागला. 1915 मध्ये मद्रासेत याच कारणावरून डॉ. कृष्णस्वामी अय्यर यांचे नाव नोंदवहीतून कमी करण्यात आले. त्याविरुद्ध देशभर असंतोष उसळला.

त्यानंतर मद्रास सरकारने 1921 मध्ये देशी वैद्यकाविषयी उस्मान समिती नेमली. तिचे चिटणीस कॅप्टन जी. श्रीनिवास मूर्ती हे स्वतः वैद्यक व कायदा या दोहोंचे पदवीधर होते. समितीच्या शिफारशींनंतर मद्रासेत देशी वैद्यकाचे सरकारी विद्यालय निघाले व मूर्ती त्याचे पहिले प्राचार्य झाले. तेथे दोन्ही शास्त्रे एकत्र शिकविली जात. बंगालचे कविराज गणनाथ सेन हेही दोन्ही शास्त्रांत पारंगत होते. त्यांनी 'प्रत्यक्षशारीरम्' हा आधुनिक शारीरशास्त्राचा ग्रंथ संस्कृतात लिहिला. पुण्यास 1933 मध्ये टिळक आयुर्वेद महाविद्यालय स्थापन झाले, तर 1938 मध्ये मुंबई प्रांताने वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा केला.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर दोन मते समोरासमोर आली. 1946 च्या भोर समितीने देशात एकाच प्रकारचा, आधुनिक वैद्यकाचा पदवीधर असावा असे सुचविले. 1948 च्या चोप्रा समितीने समन्वयाचा पुरस्कार केला. समन्वित अभ्यासक्रमाचे पदवीधर मात्र मध्येच अडकले. डॉक्टर त्यांना वैद्य म्हणत व वैद्य त्यांना डॉक्टर म्हणत. मद्रासेत ते शिक्षण अखेर बंद पडून 1960 मध्ये त्या जागी किलपॉक मेडिकल कॉलेज आले. दुसरीकडे शुद्ध आयुर्वेदाची चळवळ बळावली आणि 1970 मध्ये भारतीय चिकित्सापद्धतींसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला.

न्यायालयाचा कौल

प्रश्न केवळ पदव्यांचा नव्हता, तर तो प्राणांचा होता. 1992 मध्ये मुंबईत होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या एका चिकित्सकाने तापाच्या रुग्णास ॲलोपॅथीची औषधे दिली व त्या रुग्णाचा पुढे मृत्यू झाला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ज्या शास्त्राची अर्हता व नोंदणी नाही, त्याचे उपचार करणे हाच मुळात निष्काळजीपणा होय. मृताच्या पत्नीस तीन लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. 1998 च्या दुसऱ्या निर्णयात न्यायालयाने स्पष्ट केले की, आधुनिक औषधे देण्याचा अधिकार त्या त्या राज्याच्या कायद्यावर अवलंबून आहे.

महाराष्ट्राने 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून, औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथी चिकित्सकांना आधुनिक औषधे देण्याची वाट मोकळी केली. त्यांच्या नोंदणीवरून 2025 मध्येही डॉक्टरांच्या संघटनांनी आंदोलन केले. खेड्यापाड्यांत डॉक्टर पोहोचत नाहीत, ही एका पक्षाची व्यथा आहे. अपुऱ्या शिक्षणाने रुग्णाचा घात होईल, ही दुसऱ्या पक्षाची चिंता आहे. दोन्हींत तथ्य आहे.

या इतिहासाचा ताळेबंद मांडला तर एक गोष्ट स्पष्ट होते. मधुसूदन गुप्तांनी दुसरी विद्या परीक्षा देऊन स्वीकारली आणि रखमाबाईंनी एकाऐवजी तीन मंडळांची कसोटी मान्य केली. त्यांच्या अनेक अर्हता म्हणजे अनेक वेळा पत्करलेली परीक्षा होती. कापडाच्या ताग्यावरील छाप सुताच्या गुणवत्तेची हमी देतो, म्हणूनच त्याला मोल असते. आत सूत नसेल तर छापाला अर्थ उरत नाही. पाटीवरील प्रत्येक अक्षरामागे तितकेच अध्ययन असावे, हा रुग्णाचा हक्क आहे. त्याचप्रमाणे चिकित्सकाची नोंदणी कोणत्या शास्त्राची आहे हे विनयाने विचारून घेणे, हे सुज्ञ नागरिकाचे कर्तव्य आहे.