राजी: ॲन एन्शंट एपिक

राजी: ॲन एन्शंट एपिक हा पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने तयार केलेला साहसप्रधान व्हिडिओ गेम आहे. २०१७ मध्ये किकस्टार्टरवरील त्याची निधिसंकलन मोहीम अयशस्वी ठरली. तरीही काम सुरू राहिले आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी तो निन्टेन्डो स्विचवर प्रकाशित झाला.

कथानक
असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाचा शोध राजी ही कसरतपटू मुलगी घेते. दुर्गेचा त्रिशूळ व विष्णूचे धनुष्य ही तिची आयुधे होत.

वातावरण व कोडी
लढाईइतकेच महत्त्व येथे वातावरणाला आहे. राजस्थानी वास्तुशैलीवर बेतलेल्या किल्ल्यांतील भित्तिचित्रांपाशी थांबल्यास पुराणकथा ऐकू येतात. वर्तुळाकार चित्राचे तुकडे फिरवून जुळवले की भावंडांच्या आठवणी साकारतात. त्यामुळे कोडे हा कथेतील अडथळा न राहता तिचाच भाग बनते. काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या शैलीत दाखवले आहेत. सिंधुदुर्गातील पिंगुळी येथील चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ याच कलापरंपरेतील आहे.

प्रतिसाद
समीक्षकांनी चित्रशैलीची प्रशंसा केली. मात्र लढाईतील उणिवा व अकस्मात होणारा शेवट यांवर टीका झाली. ‘द गेम अवॉर्ड्स २०२०’ मध्ये सर्वोत्कृष्ट पदार्पण विभागात त्याला नामांकन मिळाले.