वादकाचा हात

वाद्यांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले आहेत. लाकूड कोणते, तारा कशाच्या, कारागीर कोण, हे ग्रंथांतून सहज कळते. ज्या हातांनी ती वाद्ये वाजविली त्या हातांचे काय झाले, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो. आज त्या हातांविषयीच थोडे बोलावयाचे आहे. आणि उदाहरण घ्यावयाचे आहे ते बास गिटार या अगदी अलीकडच्या वाद्याचे.

बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने निरनिराळ्या व्यवसायांतून उद्भवणाऱ्या रोगांवर १७०० साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. १७१३ च्या आवृत्तीत त्याने लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणे सांगितली: सतत बैठक, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल आणि मनावरील ताण. कचेरीत लेखणी चालविणाऱ्या आम्हां मंडळींना हे निदान तेव्हाच पटते. लेखणीच्या जागी वाद्य ठेवा; निदानातील एक शब्दही बदलावा लागत नाही.

परंतु एकोणिसाव्या शतकातील संगीतशिक्षणाने हा बोध घेतला नाही. हात वाद्याला अपुरा पडत असेल तर हातच घडवून घ्यावा, अशी त्या काळची धारणा होती. योहान बेर्नहार्ट लोगियर याने १८१४ साली पियानो शिकणाऱ्याची मनगटे आणि बोटे ठरावीक जागी धरून ठेवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. रॉबर्ट शुमान हा थोर संगीतकार तरुणपणी पियानोवादक होऊ पाहत होता. त्यानेही बोटांच्या व्यायामासाठी एक साधन वापरले. १८३२ च्या सुमारास त्याच्या उजव्या हाताचे मधले बोट निकामी झाले आणि वादनाची वाट कायमची बंद झाली. दोष त्या साधनाचा, अतिसरावाचा की मूळच्या एखाद्या व्याधीचा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. हात गेला, एवढे मात्र निश्चित.

विसाव्या शतकात वारे फिरले. तोवर वाद्यवृंदातील खर्जाचे काम डबल बास करीत असे. पुरुषभर उंचीचे ते वाद्य उभे धरून वाजवावे लागे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फुलरटन येथे लिओ फेंडर याने १९५१ साली गिटारसारखे आडवे धरावयाचे, पडदे बसविलेले विजेचे बास बाजारात आणले. १९५४ साली त्याच्या अंगाच्या टोकदार कडा उतरत्या केल्या गेल्या, त्यामुळे त्या बरगड्यांना व हाताला रुतेनाशा झाल्या. १९६० साली आलेल्या दुसऱ्या नमुन्याची दांडी खुंट्यांच्या बाजूस सुमारे पाव इंच अरुंद होती. म्हणजे आता वाद्यच हाताकडे सरकू लागले होते.

तरीही अडचण उरलीच. या बासच्या तारेची लांबी ३४ इंच, तर त्याच कारखान्यातील साध्या गिटारची साडेपंचवीस इंच. पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंत एकेका पडद्यावर एकेक बोट ठेवायचे तर गिटारवर पावणेचार इंचांहून किंचित अधिक फाक पुरते. बासवर ती पाच इंचांवर जाते. शिवाय जाड तारेचा ताण पंधरा ते वीस किलोंच्या घरात. गिटारवरून बासकडे आलेल्या कितीएक तरुणांची करंगळी आणि मनगट येथेच दुखावते.

गंमत अशी की, यावरचा तोडगा जुन्या डबल बासच्या परंपरेतच होता. फ्रांझ सिमांडल या व्हिएन्नातील शिक्षकाने एकोणिसाव्या शतकात रूढ केलेल्या पद्धतीत खालच्या जागी पहिले, दुसरे आणि चौथे एवढीच बोटे स्वर धरतात. तिसरे चौथ्याला आधार देते. हीच रीत बास गिटारवर आणली की फाक साडेतीन इंचांवर येते, आणि पुढच्या स्वरासाठी बोटे न ताणता सबंध हात सरकवावयाचा असतो.

बाकीची पथ्ये शरीररचनेतूनच निघतात. बोटे मिटणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मुख्य मज्जातंतू मनगटातील चिंचोळ्या बोगद्यातून जातात. मनगट दुमडले की तेथे दाटी होते. म्हणून दोन्ही मनगटे होता होईतो सरळ असावीत. पट्टा इतका आखूड असावा की, बसले काय नि उभे राहिले काय, वाद्य त्याच उंचीवर राहील. बोट पडद्याच्या अगदी मागे टेकवावे, म्हणजे थोडक्या दाबात स्वर स्वच्छ उमटतो. अंगठ्याने दांडी आवळू नये. ध्वनिवर्धक थोडा वाढविला तर उजव्या हाताला तार ओढण्याचे श्रम पडत नाहीत. आरंभ संथ करावा आणि मधून मधून हात खाली ठेवावा.

हा प्रश्न काही थोड्या नाजूक मंडळींचा नव्हे. १९८६ साली अमेरिकेतील वाद्यवृंदांच्या २२१२ वादकांकडून माहिती मागविली गेली, तेव्हा शंभरातील ७६ जणांनी वादनात व्यत्यय आणणारी निदान एक तरी गंभीर तक्रार सांगितली. इतके दुखणे इतकी वर्षे मुकाट्याने सोसले जात होते.

आपल्याकडे रियाजाला तपश्चर्या म्हणतात, आणि ते योग्यच आहे. सतारियाच्या बोटावरील घट्टा हे त्या तपाचे चिन्ह होय. पण घट्टा वेगळा आणि मनगटातील कळ वेगळी. घट्टा त्वचेचे रक्षण करतो. कळ मात्र आतल्या इजेची सूचना असते. तशी कळ आली, किंवा बोटांना मुंग्या येऊन ती बधिर होऊ लागली, तर त्या दिवशी वाद्य खाली ठेवावे आणि गरज पडल्यास वैद्याकडे जावे. घरातील मुलगा बास गिटार घेऊन बसला असेल, तर वडीलधाऱ्यांनी त्याला किती तास वाजविलेस हे अवश्य विचारावे. त्याबरोबर हात दुखत नाही ना, हेही विचारावे.