सावलीची मजुरी आणि डेन्मार्कची वाट

ऑगस्ट १९२९ मध्ये महर्षी धोंडो केशव कर्वे डेन्मार्कमधल्या एल्सिनोरला शिक्षणपरिषदेत बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांनी वयाची सत्तरी ओलांडली होती. हिंदुस्थानात बायकांच्या उच्च शिक्षणाचा प्रयोग आपण कसा केला, हे त्यांनी देशोदेशीच्या शिक्षकांना सांगितलं. तिथून अमेरिका, मग जपान करून १९३० च्या एप्रिलात ते परतले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुन्हा बोटीत बसले. या खेपेला आफ्रिका. मोंबासापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत तिथल्या हिंदी लोकांच्या दारी जाऊन त्यांनी महिला विद्यापीठासाठी पैसे मागितले.

हे सांगायचं कारण आहे. मी बल्लारपुरात शिवणकाम शिकवते. माझ्याकडे मशीनवर पाय ठेवायला शिकलेली एक मुलगी पुढे फॅशन डिझाइनला गेली. परवा ती पावतीपुस्तक घेऊन आली. टिकाऊ फॅशनवर परदेशात परिषद आहे, वर्गातल्या चौघींना जायचंय, तिकिटाचे पैसे जमवतोय, म्हणाली. शेजारच्या काकू पटकन बोलल्या, ‘कपड्यांच्या परिषदेला परदेशी जायला कुठं वर्गणी मागतात का गं, बाई?’ पोरीचा चेहरा उतरला. तिच्या वतीनं मी उत्तर देते: मागतात. आपल्याकडे ही रीत जुनी आणि मानाची आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला डॉक्टर व्हायला निघाल्या, तेव्हा त्यांच्यासाठीही लोकांनी पैसे गोळा केले होते. कर्व्यांच्या विद्यापीठाला तर १९२० साली पंधरा लाखांची देणगी मिळाली ती कापडगिरण्यांचे मालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्याकडून. त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव विद्यापीठाला लागलं ते तेव्हापासून. त्याच विद्यापीठाचं ज्ञानसंकुल आज आमच्या बल्लारपुरात उभं राहिलंय. कापडाच्या पैशातून मुली शिकल्या. त्या मुली आता कापडाबद्दल बोलायला बाहेर निघाल्या, तर त्यात वावगं काय?

फक्त एक गोष्ट त्या पोरीला मी बजावून सांगितली. कर्वे डेन्मार्कला गेले ते काही तरी सांगायला गेले. तू काय सांगणार आहेस?

आणि सांगण्यासारखं आपल्या जिल्ह्यात भरपूर आहे. इथून चंद्रपूर, मूल करत गडचिरोलीच्या रस्त्याला लागलं की सावली लागतं. गांधीजींच्या चरखा संघाच्या काळात तिथे खादीचं मोठं काम चालायचं. फेब्रुवारी १९३६ च्या अखेरीस गांधी सेवा संघाचं संमेलन या सावलीत भरलं आणि गांधीजी त्याला आले. दिल्ली-मुंबईची माणसं तेव्हाच्या चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात येऊन राहिली. परिषद आपल्या पायानं कापडापाशी आली होती.

त्या वेळी खादीच्या जगात मोठा वाद चालू होता. दिवसभर सूत कातणाऱ्या बाईच्या हाती जेमतेम आणा पडायचा. १९३५ साली गांधीजींनी हे उघडपणे बोलून दाखवलं आणि आठ तासांच्या कताईला आठ आणे मिळायला हवेत, असा आग्रह धरला. त्याच वर्षी ऑक्टोबरात वर्ध्याला चरखा संघानं ठराव केला की कातणारीला निदान पोटापुरतं अन्न आणि अंगभर कापड मिळेल एवढी मजुरी द्यायची. आठ आण्यांपर्यंत मजल गेली नाही; पण दर वाढले. खादी महागली, भांडारवाले कुरकुरले, गिऱ्हाईक तुटेल म्हणाले. तरी संघानं माघार घेतली नाही. मला हा ठराव फार मोठा वाटतो. कापड स्वस्त ठेवण्यासाठी कातणारीला उपाशी ठेवायचं नाही, हे त्यांनी नफ्यातोट्याच्या आधी ठरवलं. एप्रिल २०१३ मध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझाची इमारत कोसळून अकराशेहून जास्त माणसं दगावली, बहुतेक शिवणकाम करणाऱ्या बायका. त्यानंतर जगभर विचारलं जाऊ लागलं की कपडा शिवणाऱ्याला काय मिळतं. आपल्या भागात हा प्रश्न त्याच्या पाऊणशे वर्षं आधी विचारून झाला होता, आणि त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्नही झाला होता.

दुसरी गोष्ट कोशाची, म्हणजे टसर रेशमाची. बल्लारशाहून गोंदियाच्या गाडीत बसलं की मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी करत वडसा येतं आणि तिथून आरमोरी जवळच. या पट्ट्यातले ढिवर पिढ्यानपिढ्या ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाचे किडे पाळत आले. घरातल्या टोपलीत वाढणारा हा किडा नाही. तो उघड्यावर पानं खातो, चारदा कात टाकतो आणि तोवर त्याला पाखरांपासून, मुंग्यांपासून राखावं लागतं. राखणदार जंगलातच मुक्काम ठोकतो. एका फांदीचा पाला संपला की किडे दुसरीवर न्यायचे. कोश तयार झाला की करड्या-पिवळ्या रंगाचा, बोटांनी दाबला तर दबत नाही इतका टणक. सोड्याच्या पाण्यात उकळल्यावर डिंक सुटतो आणि धागा निघतो. त्याला मधासारखा मूळचा रंग असतो, रंगवायची गरजच नसते.

त्या धाग्याची करवतकाठी साडी हातात घेऊन नीट बघा. अंग कोशाचं, काठ सुताचा. काठाचा धोटा वेगळा आणि अंगाचा वेगळा. दोन्ही बाजूंचे काठ धरून तीन धोटे चालतात. दर फेरीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवायचा आणि मागे फिरवायचा. त्या अडकवण्यातूनच करवतीचे दाते उमटतात. एक अडकवण चुकली तर दात मोडलेला लांबूनही दिसतो. म्हणून हे विणताना कोष्ट्याचा हात सावकाश चालतो, आणि या सावकाशीचे पैसे त्याला मिळत नाहीत. करवतकाठीला भौगोलिक मानांकन मिळालंय, ते चांगलंच झालं. पण बाजारात कोरिया-चीनकडचं टसर सूत आलं, यंत्रमागावर विणून दाते नुसते छापलेल्या साड्या आल्या. मानांकनानं मागावरच्या माणसाची मजुरी आपोआप वाढत नाही. चरखा संघाच्या माणसांना हे कळलं होतं. त्यांनी आधी मजुरी ठरवली.

म्हणून त्या चौघींना माझं सांगणं एवढंच. विमानात बसण्याआधी गोंदियाच्या गाडीत बसा. आरमोरीत, नागभीडमध्ये मागावर बसलेल्या माणसाला विचारा, एका साडीला किती दिवस लागतात आणि हातात किती पडतात. ढिवरांना विचारा, ऐनाची झाडं किती उरलीत. तो हिशेब तुमच्या निबंधात लिहा आणि तिथल्या मोठमोठ्या कंपन्यांसमोर वाचा. आणि जमलं तर वर्गणीत पाचवं तिकीट धरा, विणणाऱ्या एखाद्या बाईसाठी.

बल्लारपूरकरांनो, पावतीपुस्तक दारात आलं तर परत पाठवू नका. मी माझी पावती फाडली आहे, पाचव्या तिकिटासाठीही देईन.