एका वर्षाची जागा

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टात अक्काच्या नातीनं टेक्सासहून फोटो पाठवला. डांबरी जमीन, तिच्यावर पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेला एका गाडीपुरता चौकोन, आणि त्या चौकोनात गुडघे टेकून बसलेली आमची पोर. हातात रोलर, गालाला निळा रंग, बाजूला डबे. खाली लिहिलेलं, ‘आज्जी, ही माझी जागा. पूर्ण वर्षभर.’

मला काही उमजेना. अक्काला फोन लावला. ती म्हणाली, “अगं, शाळेत गाडी लावायची जागा रंगवायलीय ती. वर त्याचे पैसे भरलेत!”

मग हळूहळू कळत गेलं. तिकडं सोळाव्या वर्षी गाडी चालवायचा परवाना मिळतो आणि लांबच्या वस्तीतली मुलं आपापली गाडी घेऊन शाळेत येतात. बारावीचं वर्ष हायस्कूलचं शेवटचं. त्या वर्षी ज्याला हवी त्याला वाहनतळावर एक ठरावीक जागा मिळते, आणि फी भरली की ती जागा रंगवता येते. आधी कागदावर चित्र काढून शाळेला दाखवायचं. वावगा शब्द नको, कुणाची टिंगल नको, घराच्या बाहेरच्या भिंतीला लावतात तसला पाण्यात मिसळणारा रंगच वापरायचा. शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात आईबाप, भावंडं, मित्रमैत्रिणी भर उन्हात येऊन मदत करतात. वर्ष संपलं की त्यावर काळा रंग फिरतो आणि पुढच्या ऑगस्टात दुसरं कुणीतरी तिथं गुडघे टेकतं. प्रथा काही पिढ्यान्‌पिढ्यांची नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत फोटो बघून बघून ती एका गावातून दुसऱ्या गावात गेली.

अक्काला हा पैशाचा चुराडा वाटला. मला मात्र त्या पोरीची बसायची ढब पाहून डिचोलीचं आमचं अंगण आठवलं. एक गुडघा टेकलेला, डावा हात जमिनीवर, मान तिरकी. आई अशीच बसायची.

आमचे आजोबा बेळगावकडून चोर्ल्याच्या घाटानं खाली उतरले आणि डिचोलीच्या बाजारात दुकान मांडून बसले. आमच्या आळीत जैनांचं घर आमचं एकटंच. शेजारच्या बायका पहाटे उठून अंगण सारवत, तुळशीपुढं रांगोळी काढत. आई त्यांच्याकडूनच इकडची वळणं शिकली. तांदळाच्या पिठानं काढायची की शिरगोळ्याच्या भुकटीनं, यावरून आमच्या घरात आजी आणि आईचं कायम वाजायचं. शेजारणी म्हणत, पिठाची काढावी, मुंग्यांच्या पोटाला दोन कण मिळतात. आजी म्हणे, “मुंग्या येतात आणि मग त्यांच्यावरच माणसांचे पाय पडतात. त्यांना बोलावून मारायचं, हा कुठला धर्म?” शेवटी भुकटी जिंकली. पण दिवाळीला आई हळूच कोपऱ्यात, कुणी जात नाही अशा जागी, पिठाचं एक फूल काढायची.

रांगोळीचा इतिहास शोधायला गेलं की पुस्तकात फारसं काही हाती लागत नाही, कारण ती दुपारपर्यंतच टिकते. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर यानं १२व्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. चित्रांचे प्रकार सांगताना त्यात धूलिचित्र येतं, म्हणजे भुकटीचं चित्र. याच ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात असाही उल्लेख आहे. गोव्याचे कदंब तेव्हा या चालुक्यांचे मांडलिक. राजाच्या ग्रंथात आमची ओवी आली, धूलिचित्र आलं, पण ते काढणारीचं नाव तेवढं आलं नाही.

डिचोली आणि पेडण्याची अंगणं टिकली, यालाही इतिहास आहे, आणि तो आपल्या बायकांना सहसा कुणी सांगत नाही. गोव्यात इन्क्विझिशन १५६० साली बसलं. १७३६ सालच्या त्याच्या फर्मानानं नव्यानं ख्रिस्ती झालेल्या घरांना जुन्या रीती मना केल्या. लग्नातली गाणी नकोत, दारात तुळस नको, अशी ती यादी. मला ती वाचताना एकच दिसलं : यातलं बहुतेक सगळं बायकांच्या हातचं होतं. मात्र हे चाललं बारदेश, तिसवाडी, साष्टी या जुन्या काबिजादीत. आमचे दोन्ही तालुके तेव्हा सावंतवाडीकर भोसल्यांकडं होते. डिचोली पोर्तुगिजांकडं गेली १७८१ साली, पेडणे १७८८ साली. तोवर त्यांचा पहिला जोर ओसरला होता, आणि या नव्या मुलखातल्या लोकांना आपापला धर्म पाळू देण्याचं त्यांनी कबूल केलं. १८१२ साली तर इन्क्विझिशनच मोडलं. तेव्हा शेजारणीची तुळस आणि तिच्यापुढची रांगोळी या तारखांच्या मधून अशी सुटून आलेली आहे. बारदेशात आजही ख्रिस्ती घरांपुढं चौथऱ्यावर क्रूस दिसतो, तो चौथरा पाहिला की मला वृंदावनच आठवतं.

पुढं नोकरी लागली पेडणे तालुक्यातल्या एका शाळेत. तिथं मी पहिल्यांदा धालोंचा मांड पाहिला. पौषातल्या थंडीत गावातल्या बाया रात्री मांडावर जमतात, समोरासमोर दोन ओळी करतात, एकमेकींच्या कमरेत हात गुंफून गात पुढं येतात, मागं जातात. पाच, सात, नऊ अशा रात्री. शेवटच्या रात्री सोंगं घेतात, पुरुषांचीसुद्धा, आणि हसून हसून लोळतात. मांड म्हणजे एक सारवलेला तुकडा, कुणाच्या तरी अंगणातला नाहीतर देवळाजवळचा. तिथं पायांत चपला घालून कुणी जात नाही. त्या रात्रींपुरती ती जमीन बायकांची. एकदा मी एका म्हाताऱ्या बाईला विचारलं, मांडाची जागा कागदावर कुणाची? ती म्हणाली, “कागद भाटकाराचो. मांड आमचो.” मी गप्प बसले. वर्षातल्या नऊ रात्री हा काही मोठा हिस्सा नव्हे, पण तिच्या बोलण्यात एवढासाही उणेपणा नव्हता.

कागदाचं बोलायचं तर गोव्याच्या बाईला याबाबतीत इतरांपेक्षा बरं मिळालं, असं आपण अभिमानानं सांगतो. पोर्तुगिजांचा १८६७ सालचा नागरी कायदा इथं १८७० पासून लागू झाला. लग्न झालं की नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते आणि अर्धी तिची, नवऱ्याला एकट्याच्या सहीनं घर विकता येत नाही, वडिलांच्या मालमत्तेत मुलीला मुलाएवढाच वाटा. भारतभर मुलींना हे मिळायला पुढं किती काळ जावा लागला, ते आपल्याला ठाऊकच आहे. आमच्याकडं सातबारा नाही, एक-चौदाचा उतारा असतो. त्यावर बाईचं नाव दिसतं. पण लग्नाच्या आधी बहिणीला नोटरीकडं नेऊन हक्कसोड लिहून घेणारी घरंही मी पाहिली आहेत, आणि ‘भावाशी कशाला वाईटपणा’ म्हणून सही करून आलेल्या मैत्रिणीही. त्यात आपल्या समाजातल्याही आहेत. अपरिग्रहाचं व्रत बहिणीला आधी आठवतं, भावाला मागाहून. एवढंच म्हणते आणि पुढं जाते.

मला स्वतःला जमिनीचा चौकोन एकदाच मिळाला, १९७८ साली, दहावीच्या निरोप समारंभाच्या दिवशी. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांनी गावोगाव मराठी शाळा काढल्या. ते मूळचे पेडण्याचेच. आमच्या आयांना तिसरी-चौथीपुढं शाळा दिसली नव्हती, आम्ही दहावीला बसलो. त्या दिवशी आम्हा मुलींना शाळेच्या पटांगणात रांगोळ्या काढायला सांगितलं. खडूनं चौकोन आखून दिले, एकीला एक. मी मोर काढला आणि खाली बारीक अक्षरात नाव घातलं. सगळ्यांनीच घातलं. थोड्या वेळानं मुख्याध्यापक आले, सगळीकडं फिरले आणि म्हणाले, “सुंदर! पण नावं पुसा. हे काय प्रदर्शन आहे?” आम्ही नावं पुसली. मग एकीनं पाकळीच्या आत आपलं आद्याक्षर लपवलं, तिचं बघून दुसरीनं, आणि पाहुणे येईपर्यंत पटांगणभर चोरून ठेवलेली अक्षरं होती. संध्याकाळी शिपायानं सगळं झाडून काढलं. मुलांनी वर्षभर कर्कटकानं बाकांवर कोरलेली नावं मात्र तशीच राहिली. मी शिक्षिका झाल्यावर एका जुन्या बाकावर असलीच नावं कितीतरी वर्षं वाचत होते. मुलीचं एकही नव्हतं.

म्हणून टेक्सासच्या पोरीचं मला अप्रूप वाटलं. नाव घालायला सांगतात, वर ते मोठ्या अक्षरात घाल म्हणतात!

पण तिचं चित्र सहज ठरलं नाही. तिला आधी काढायचा होता साथिया. आपण देवापुढं अक्षतांचा मांडतो तोच, चार गतींचा स्वस्तिक, वर दर्शन-ज्ञान-चारित्र्याचे तीन ठिपके, त्यावर चंद्रकोरीची सिद्धशिला. पणजीनं तिला तो लहानपणी पाटावर काढायला शिकवला होता. तिच्या आईच्या, म्हणजे आमच्या भाचीच्या, अंगावर काटाच आला. त्या देशात स्वस्तिक म्हटलं की हिटलर. ज्यू शेजारी, शाळेतल्या ज्यू मुली, त्यांनी ते सकाळी गाडीतून उतरताना पाहायचं? भाचीचं चूक नव्हतं. १९७५ साली, महावीरांच्या २५००व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्तानं, सगळ्या पंथांनी मिळून जे जैन प्रतीक ठरवलं, त्यात स्वस्तिक आहे. पण उत्तर अमेरिकेतल्या जैन संघांच्या महासंघानं, ‘जैना’नं, आपल्या चिन्हात त्याच्या जागी ॐ घेतला आहे. कॅलिफोर्नियानं २०२२ साली कायद्यात लिहिलं की नाझींची खूण वेगळी आणि हिंदू, बौद्ध, जैनांचा स्वस्तिक वेगळा. कायदा कॅलिफोर्नियाचा, पोर टेक्सासातली, आणि वाहनतळावर उतरणारी मुलगी काही कायदा वाचून उतरत नाही.

पोर रडली. म्हणाली, “आपलं चिन्ह त्यांनी चोरलं, तर लपवायचं आपण का?” याला आमच्यापैकी कुणापाशी धड उत्तर नव्हतं. मला अजूनही नाही.

मग तिनं डिचोलीला पणजीला फोन लावला, की पणजी तरी आपल्या बाजूनं बोलेल. आई तेव्हा ८८ वर्षांची. तिनं सगळं ऐकलं. हिटलर वगैरे तिच्या लेखी नव्हतंच. तिनं एवढंच विचारलं, “त्याच्यावर गाडी उभी करणार?”

“हो पणजी, पार्किंगच आहे ते.”

“म्हणजे रोज साथियावरनं चाक फिरवणार. नको बाई.”

रांगोळीला वळसा घालून जायचं, हे आपल्या पायांना न सांगता कळतं. तिथं जे काढायचं ते चाकाखाली घालण्यासाठीच. आईची आणि भाचीची कारणं अगदी वेगळी, नकार एकच. मला वाटतं पोरीनं आईचा नकार ऐकला नाही, पण पणजीचा ऐकला.

शेवटी तिनं काढली ठिपक्यांची रांगोळी. निळ्या जमिनीवर पांढरे ठिपके, ओळीत, दोरी धरून मोजलेले, आणि त्यांना जोडणाऱ्या पिवळ्या रेघा. कडेनं काळ्या मुंग्यांची रांग, ती आजीच्या भांडणाची गोष्ट ऐकून. खाली देवनागरीत नाव, तिथं तिच्या वर्गात कुणालाही न वाचता येणारं. फोटो मोठा करून पाहिल्यावर वरच्या कोपऱ्यात, रेघांच्या बाहेर, मला तीन सुटे ठिपके दिसले. मी कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या मे महिन्यात त्यावर काळा रंग फिरला. जूनमध्ये ती एकटी आली, मोपाच्या नव्या विमानतळावर उतरली. तिला घेऊन मी नार्व्याला गेले. शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार केलेलं सप्तकोटेश्वराचं देऊळ सगळ्यांना माहीत असतं, गाड्या तिथंच थांबतात. गावातच जैनकोट म्हणतात ती जागा आहे, एका जुन्या जैन मंदिराचे चिऱ्याचे अवशेष. कुडण्याला गुजीर म्हणून आहे, तिथंही असेच. एके काळी डिचोलीच्या या भागात आपली माणसं एवढी होती की त्यांनी देवळं बांधली, आणि आता आळीत घर एकटं आमचं. पोर त्या भिंतींपाशी उभी राहिली. पावसानं चिरे लालभडक झाले होते, त्यांतून झाडांची मुळं निघालेली.

“आज्जी, कुणी बांधलं?”

“आपल्यांनी.”

“नाव?”

मी हात हलवले. ती चपला काढून आत गेली आणि बराच वेळ आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला होता. मी तिच्या हातात रांगोळीची वाटी दिली. तिनं उंबऱ्याबाहेर एक गुडघा टेकला, डावा हात जमिनीवर ठेवला आणि साथिया काढला. आई खुर्चीत बसून बघत होती. चष्मा वर-खाली केला आणि म्हणाली, “उलटा वळलाय गं. उजवीकडं वळव.”

पोरीनं हातानं पुसून पुन्हा काढला.

“आणि ठिपके तीन. हे चार कुठनं आणलेस?”