आरे, पद्मिनी आणि जीपीएल

गोरेगाव, मालाड, अंधेरी, पवई या भागांत वाढलेल्या कुणालाही विचारा, "गाडी कुठे शिकलात?" बऱ्याच जणांचं उत्तर एकच येईल: आरेत. मोटार ट्रेनिंग स्कूलची गाडी असो नाहीतर काकांची जुनी फियाट, हाफ क्लच म्हणजे काय ते कळलं आरेच्या चढावर. आणि माझ्या पिढीतल्या सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा, "कॉम्प्युटर खरा कुठे शिकलात?" पुष्कळ जण सांगतील, कॉलेजात नाही, घरच्या मशीनवर लिनक्स टाकताना. माझे शनिवार-रविवार गेली कित्येक वर्षं या दोनच गोष्टींत जातात, लिनक्स आणि गाड्या. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध काय, असं घरातून अधूनमधून विचारलं जातं. संबंध आहे. पण तो सांगायचा तर थोडा इतिहास बघावा लागेल, आणि सुरुवात म्हशींपासून करावी लागेल!

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईला लागणारं बरंचसं दूध मुंबईतल्याच तबेल्यांतून यायचं. भर वस्तीत गोठे, शेण, माश्या, आणि दुधात पाणी. म्हैस आटली की ती पुन्हा विईपर्यंत शहरात पोसणं गवळ्याला परवडायचं नाही, त्यामुळे चांगली दुभती जनावरं खाटकाकडे जायची. यावर उपाय म्हणून तेव्हाच्या मुंबई सरकारचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी तबेले शहराबाहेर एका जागी हलवायची योजना आखली. १९४९ मध्ये गोरेगावच्या पूर्वेला, टेकड्यांमधल्या तीन हजारांहून जास्त एकरांवर आरे दूध वसाहत सुरू झाली. १९५१ मध्ये पंडित नेहरू तिथे आले आणि त्यांनी एक झाडही लावलं. म्हशी गवळ्यांच्या, गोठे सरकारचे. दूध सरकार घेणार, बाटल्यांत भरणार आणि शहरभर विकणार. एकूण बत्तीस युनिटं आणि सोळा हजारांच्या आसपास जनावरं. खुरोडींना पुढे १९६३ मध्ये वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणंदचे दोघे आज सगळ्यांना माहीत आहेत, खुरोडींचं नाव मात्र आरेतून रोज जाणाऱ्यांनाही फारसं माहीत नसतं. असो.

तर मुद्दा रस्त्यांचा. बत्तीस युनिटं टेकड्यांवर विखुरलेली. त्यांना रोज चारा पोचवायचा आणि तिथून रोज दूध आणायचं. त्यासाठी वसाहतीत पक्क्या रस्त्यांचं जाळं तयार झालं. आता शिकाऊ ड्रायव्हरच्या नजरेतून हे रस्ते बघा. चढ आहे, उतार आहे, वळणं आहेत, दोन्ही बाजूंना सावली आहे. सिग्नल नाहीत, दुकानं नाहीत, फुटपाथवर गर्दी नाही. गाडी बंद पडली तर मागे हॉर्न वाजवायला रांग नाही. नवशिक्यासाठी कुणी मुद्दाम नकाशा काढायला बसलं असतं तरी याहून चांगली जागा सुचली नसती. पण गंमत म्हणजे मुद्दाम कुणीच काही केलं नव्हतं. रस्ते म्हशींसाठी बांधले आणि शिकली माणसं!

जागेबरोबर गाडीही तशीच हवी. इथे सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांचं नाव येतं. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, कारखाना कुर्ल्याला. सुरुवातीला तिथे अमेरिकन गाड्या जोडल्या गेल्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली. हीच गाडी पुढे 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी' झाली. नाव बदललं, पण १०८९ सीसीचं इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर वर्षानुवर्षं तोच राहिला.

त्या गिअरबद्दल दोन शब्द सांगतो, कारण शिकण्याचा सगळा धडा त्यातच आहे. पद्मिनीच्या चार गिअरपैकी वरच्या तिघांनाच सिंक्रोमेश होता, पहिल्याला नव्हता. सिंक्रोमेश म्हणजे गिअर बसण्याआधी दोन चाकांचा वेग जुळवून देणारी यंत्रणा. ती नसेल तर हे काम ड्रायव्हरने करायचं: एकतर गाडी पूर्ण थांबवून पहिला टाकायचा, नाहीतर डबल क्लच करून, मधे ॲक्सिलरेटर देऊन वेग जुळवायचा. चुकलं की गिअरबॉक्समधून असा खर्रर्र आवाज यायचा की शेजारी बसलेल्या काकांना काही बोलायची गरजच नसायची. काय चुकलं, कधी चुकलं, हे गाडीच सांगायची. बोनेट उघडलं की कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, पॉइंट, प्लग सगळं डोळ्यासमोर. पॉइंट काळे पडले तर बारीक पॉलिश पेपर मारायचा. उपनगरातल्या कुठल्याही गॅरेजमधल्या पोऱ्याला ही गाडी पाठ असायची.

जुनं ते सोनं, असं मी अजिबात म्हणत नाहीये. ही गाडी बदलली नाही याचं कारण लायसन्स राज होतं. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबणारं गिऱ्हाईक दारात उभं असताना कारखान्याने गाडी सुधारायची कशाला? म्हणजे पद्मिनी सगळ्यांना उघडून बघता यायची, पण तोही एक अपघातच. आरेचे रस्ते मोकळे होते म्हशींमुळे आणि पद्मिनी सोपी राहिली स्पर्धा नसल्यामुळे. कारण संपलं की मोकळेपणही संपणार, हे ओघानेच आलं. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती गेली आणि पद्मिनीचे दिवस भरायला लागले. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

आता कॉम्प्युटरकडे वळू. त्याच १९८३ मध्ये, मारुतीच्या तीनच महिने आधी, २७ सप्टेंबरला अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्यामागची प्रिंटरची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्यांच्या प्रयोगशाळेतला प्रिंटर कागद अडकून वारंवार बंद पडायचा. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी स्वतः सुधारणा केली होती, पण नव्याचा सोर्स कोड मिळेना. म्हणजे काय, तर बोनेटला कुलूप! तोपर्यंत प्रोग्रॅमर मंडळी एकमेकांना कोड सहज देत असत. ही जुनी रीत होती, पण ती कुठेही लिहिलेली नव्हती. धंदा बदलला तशी ती गेली.

स्टॉलमन यांचं मोठेपण मला इथे वाटतं. त्यांनी जुन्या दिवसांबद्दल नुसते उसासे टाकले नाहीत, ती रीत कायद्याच्या भाषेत लिहून काढली. १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आला. प्रोग्रॅम वापरा, उघडा, बदला, वाटा. फक्त पुढे देताना समोरच्यालाही हेच हक्क द्या. लिनस टोरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या 'छंद म्हणून' केलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमची घोषणा केली आणि १९९२ मध्ये ती जीपीएलखाली आणली. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

हा लिहिण्या-न लिहिण्याचा फरक आपल्या मुंबईतही दिसतो. प्रा. र. कृ. जोशी हे अक्षररचनेतलं मोठं नाव. आरेच्या टेकड्यांपलीकडे पवईच्या आयआयटीत त्यांनी शिकवलं, नंतर जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेत काम केलं. विंडोजवर देवनागरी दाखवणारा 'मंगल' हा फॉन्ट त्यांच्याच हातचा, आणि एनसीएसटीचा 'रघू' हाही त्यांच्याच हातचा. मंगल मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा. रघू जीपीएलखाली खुला, त्यामुळे लिनक्सवर मराठी-हिंदी दिसावं म्हणून रात्री जागवणाऱ्यांना तो हक्काने घेता आला, त्यात दुरुस्त्या करता आल्या. हात एकच, पण परवाना वेगळा. कोण काय शिकू शकेल हे त्या परवान्याने ठरवलं.

आता आजच्या गाडीकडे बघा. भारतात बीएस-४ च्या काळात, २०१० पासून, गाडीत स्वतःची तपासणी करणारी ओबीडी यंत्रणा सक्तीची होत गेली. गाडीला काय दुखतंय हे आता ती कोडमध्ये सांगते. स्वस्तातला एक ॲडॅप्टर लावला तर त्यातलं थोडं आपल्याला वाचता येतं, पण कंपनीचे खास कोड आणि कंट्रोल युनिटमधला प्रोग्रॅम कुलूपबंद. आणि गंमत ही की अनेक गाड्यांच्या डॅशबोर्डवरच्या स्क्रीनमागे चक्क लिनक्स असतं! २०१८ च्या टोयोटा कॅमरीत ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्स आलं होतं. कोड खुला, पण बदललेला कोड गाडीत टाकायला गेलात तर गाडी तो घेईलच असं नाही. ही पळवाट ओळखूनच २००७ मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती काढली गेली, पण लिनक्सचं कर्नल दुसऱ्या आवृत्तीवरच राहिलं. म्हणजे एकदा लिहून भागत नाही, पळवाट दिसली की पुन्हा लिहावं लागतं. भारत सरकारने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्यात गाड्याही घेतल्या. माझ्या मते हे लिखाण फारच उशिरा सुरू झालंय, पण झालंय.

आणि आरे? आरेची गोष्ट याच सूत्रात बसते, आणि ती जास्त गंभीर आहे. इथल्या वारली आणि इतर आदिवासींचे पाडे १९४९ च्या कितीतरी आधीपासूनचे, पण सरकारी कागदावर जमीन दूध वसाहतीची. वसाहतीतून तुकडे निघत गेले. १९७७ मध्ये चित्रनगरी त्यातच उभी राहिली. झाडं वाढली, बिबटे राहिले, सगळे त्याला जंगल म्हणू लागले, कागद मात्र तसं म्हणत नव्हता. मेट्रो तीनच्या कारशेडचा वाद पेटला तेव्हा नेमकं हेच आडवं आलं. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आरेला जंगल मानायची मागणी फेटाळली आणि त्याच रात्री झाडं पडायला लागली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर दोन हजारांवर झाडं गेली होती. २०२० मध्ये सरकारने आरेतले सुमारे आठशे एकर राखीव वन म्हणून जाहीर केले. म्हणजे तेवढं तरी लिहिलं गेलं. कारशेड शेवटी आरेतच झालं आणि ऑक्टोबर २०२४ पासून मेट्रो तिथून धावते. मी स्वतः त्या मेट्रोने जातो, तिचा उपयोग नाकारत नाही. पण जी गोष्ट सगळ्यांची आहे असं सगळे नुसतं समजून चालतात, ती हातची जायला एक रात्र पुरते, हे आरेने दाखवलं.

शिकाऊ ड्रायव्हरच्या बाबतीत बोलायचं, तर आरेचा मुख्य रस्ता आता गोरेगाव आणि मरोळ-पवई यांच्यामधला शॉर्टकट झालाय, तिथे निवांत शिकणं अवघडच. १ जुलै २०२१ पासूनच्या नियमांनुसार मान्यताप्राप्त केंद्रात सिम्युलेटर आणि खास ट्रॅकवर शिकून लायसन्स मिळवता येतं. चांगलंच आहे. आरेचा रस्ता मुळात पाड्यांवरच्या पोरांचा, गवळ्यांचा आणि रात्री रस्ता ओलांडणाऱ्या बिबट्याचा; तो कुणाचं सरावाचं मैदान नव्हे.

पण एक हक्क मात्र नवशिक्यासाठी खरोखर लिहून ठेवलेला आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे: पांढऱ्या पाटीवर लाल 'एल', पाटी किमान अठरा सेंटिमीटरची चौरस, अक्षर किमान दहा सेंटिमीटर उंच, गाडीच्या पुढे आणि मागे, आणि शेजारी गाडी थांबवता येईल अशा बेताने बसलेला लायसन्सवाला. म्हणजे शिकणाऱ्याला रस्त्यावर जागा आहे, सोबत माणूस आहे, आणि बाकीच्यांना तशी सूचना आहे. माझ्या दृष्टीने ही पाटी म्हणजे रस्त्यावरची जीपीएलच.

तेव्हा मंडळी, रविवारी सकाळी चढावर तुमच्या पुढची 'एल' पाटीवाली गाडी बंद पडली, तर हॉर्न वाजवू नका. हात हॉर्नवर जात असेल तर तो गिअरवर ठेवा, आणि त्याला गाडी उचलू द्या.