नेसूचा गणवेष : हायलँड पलटणींच्या किल्टचा इतिहास

वस्त्रांच्या बाबतीत मराठी भाषा मोठी काटेकोर आहे. धोतर नेसावयाचे, अंगरखा घालावयाचा, शाल पांघरावयाची. एकाचे क्रियापद दुसऱ्यास लावले तर शाळेतील पोरही हसेल. नेसावयाच्या वस्त्राला आकार देतो तो नेसणारा. घालावयाच्या वस्त्राला आकार देतो तो शिंपी. हा भेद मनात ठेवून स्कॉटलंडच्या हायलँड पलटणींच्या किल्टकडे पाहिले, तर त्याचा इतिहास फार सुबोध होतो. नेसण्याचे एक वस्त्र लष्कराच्या हाती पडून घालण्याचे कसे झाले, याचाच तो इतिहास आहे.

हायलँड म्हणजे स्कॉटलंडचा उत्तर-पश्चिमेकडील डोंगराळ मुलूख. तेथील पुरुष सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून ‘प्लेड’ नावाचे लांबरुंद लोकरी कापड नेसत. मागावरील पन्हा अरुंद असल्यामुळे दोन पट्टे लांबीच्या बाजूने एकमेकांस जोडीत. कमरेभोवती निऱ्या घालून वर पट्टा आवळला की खालचा भाग गुडघ्यापर्यंत येई व वरचा खांद्यावर टाचता येई. पाऊस आला तर तोच डोक्यावरून घ्यावा, रात्री पट्टा सोडला की तेच पांघरूण. आपल्याकडील धनगराची घोंगडी जी अनेक कामे करते, तीच हे वस्त्र करी. आणि त्याच्या निऱ्या रोज सकाळी नव्याने घालाव्या लागत.

१७२५ मध्ये सरकारने हायलँडमध्ये बंदोबस्तासाठी स्थानिक तुकड्या उभारल्या. १७३९ मध्ये त्यांची रीतसर पलटण झाली. तीच पुढे ‘ब्लॅक वॉच’ या नावाने प्रसिद्धीस आली. तिच्या शिपायाच्या प्लेडला १२ वार कापड लागे. याच सुमारास वरचा भाग गाळून केवळ कमरेखालचा ‘लहान किल्ट’ही प्रचारात आला. पुढे १७४५ चे बंड झाले आणि १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर ते चिरडले गेले. त्याच वर्षीच्या कायद्याने हायलँडच्या पुरुषांस हा वेष वर्ज्य केला. १ ऑगस्ट १७४७ पासून त्याचा अंमल सुरू झाला. पहिल्या अपराधास सहा महिने कैद, दुसऱ्यास सात वर्षे काळे पाणी. राजाच्या सैन्यातील शिपाई मात्र या बंदीतून मुक्त होते. १७८२ मध्ये कायदा रद्द होईपर्यंत, म्हणजे तब्बल ३५ वर्षे, बापाचा वेष उजळ माथ्याने नेसावयाचा तर त्याच राजाची चाकरी पत्करावी, अशी हायलँडच्या तरुणाची स्थिती होती. ज्या सत्तेने हे वस्त्र घराघरांतून काढले, तिच्याच पलटणींत ते टिकून राहिले.

टिकले, पण लष्करी शिस्तीत टिकले. प्रथम कापड पाहू. टार्टनमध्ये आडवा धागा दोन उभ्या धाग्यांवरून व दोहोंखालून जातो आणि प्रत्येक ओळीत हा क्रम एकेका धाग्याने सरकतो. म्हणून तिरप्या रेषा उमटतात. उभ्या धाग्यांत रंगांचा जो क्रम, तोच सामान्यतः आडव्यांत. एकाच रंगाचे धागे भेटतात तेथे शुद्ध रंग, भिन्न रंगांचे भेटतात तेथे मिश्र छटा. ब्लॅक वॉचच्या कापडात निळा, काळा व हिरवा असे तीनच रंग. परंतु तीन शुद्ध व तीन मिश्र मिळून छटा सहा होतात. हेच कापड पायाभूत धरून इतर पलटणींनी एखादी रेघ वाढविली. गॉर्डनच्या ड्यूकसाठी १७९३ मध्ये हंटली गावच्या फोर्साइथ या कारखानदाराने एक, दोन व तीन पिवळ्या रेघांचे नमुने तयार केले. ड्यूकने एका रेघेचा पसंत केला. बॅनकबर्न येथील विल्सन घराण्याच्या कारखान्याने तर १८१९ च्या आपल्या नमुनापुस्तकात रंगवार धाग्यांची संख्याच लिहून ठेवली. विणकराच्या हातची कला आता वहीत नोंदली गेली. शिपायाचे कापड जाडेभरडे, अधिकाऱ्याचे तलम, असा दर्जाचा भेदही त्यात आला.

मग निऱ्यांची पाळी आली. १७९० नंतरच्या दशकात त्या शिवून टाकण्याची पद्धत रूढ झाली. आता एकाच पन्ह्याचे सुमारे चार वार कापड पुरे होई. कापडाचा मूळ काठच खाली येई, म्हणून कड दुमडून शिवण्याचे कारण नसे. पुढे दोन सपाट पदर एकावर एक. मागील निऱ्या कमरेखाली काही अंतरापर्यंत शिवलेल्या, पुढे मोकळ्या. आरंभीच्या निऱ्या रुंद असत : वर सपाट पट्टी आणि जादा कापड आत दोन्ही बाजूंस मुडपलेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गॉर्डन पलटणीने एकाच दिशेस मुडपलेल्या अरुंद निऱ्या स्वीकारल्या. लष्करी रीत अशी की प्रत्येक निरीवर तीच रेघ यावी. मागून पाहता चौकडी लोपते व उभ्या रेघांची रांग दिसते. जणू निऱ्याही कवायतीस उभ्या आहेत.

असईच्या रणांगणावर २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर ७४ व ७८ क्रमांकाच्या दोन हायलँड पलटणी होत्या. १८०९ च्या हुकुमाने यांपैकी ७४ वीचा किल्ट गेला, ७८ वीचा राहिला. हायलँडमधून पुरेसे रंगरूट मिळेनात आणि बाहेरच्यांस हा वेष रुचेना, म्हणून एकंदर सहा पलटणींचा किल्ट काढण्यात आला. वस्त्र कोणी वापरावे हेही आता कचेरी ठरवू लागली होती.

पहिल्या महायुद्धात खंदकांतील चिखलाने निऱ्या जड होत आणि त्यांत उवा घर करीत. १९४० मध्ये किल्ट रणांगणावरून गेला व समारंभापुरता उरला. २००६ मध्ये पायदळाच्या जुन्या स्कॉटिश पलटणी एकाच रेजिमेंटमध्ये विलीन झाल्या. तिच्या किल्टलाही सरकारी टार्टनच आहे.

तेव्हा किल्ट प्राचीन की अर्वाचीन, या वादाला एका शब्दात उत्तर नाही. कापडाची वीण जुनी आहे, शिवण नवी आहे. लष्कर नसते तर हे वस्त्र कदाचित नष्ट झाले असते; लष्करामुळेच ते पूर्वीचे राहिले नाही. विद्यार्थ्यांपुढे एखादी परंपरा ‘पुरातन’ म्हणून ठेवताना आपणही एवढे विचारावे : हिच्या निऱ्या रोज घातल्या जात होत्या, की कोणी एकदाच शिवून ठेवल्या?